रावेर, चाळीसच्या वेगानं

मोटारसायकलचं इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधायचं काम मी धुळ्यात चाळीसेक वर्षं केलं. त्यातलं सगळ्यात अवघड काम कुठलं, असं कुणी विचारलं की त्याला वाटतं मी क्रँकचं नाव घेईन, नाहीतर गिअरबॉक्सचं. तसं नाही. ती कामं पान्या-पक्कडीनं होतात. अवघड काम शेवटी असतं, हात धुऊन झाल्यावर. गाडी घ्यायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, की भाऊ, आता पाचशे किलोमीटर सावकाश चालवा.

माणूस हो म्हणतो. पण हो म्हणतानाच त्याची उजवी मूठ पिळायला लागलेली असते.

ज्यांनी कधी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिलिंडर म्हणजे लोखंडाचं नळकांडं. त्याच्यात पिस्टन वर-खाली होतो आणि पिस्टनच्या अंगाभोवती पातळ कडी असतात, त्यांना आम्ही रिंगा म्हणतो. वर्षानुवर्षं घासून नळकांडं झिजलं की गाडी धूर सोडते, दम टाकते. मग नळकांडं आतून पुन्हा कातून घ्यायचं, त्यात जरा मोठा पिस्टन घालायचा, रिंगा नव्या टाकायच्या. आता गंमत अशी की नवी रिंग आणि नवं कातलेलं नळकांडं एकमेकांना ओळखत नसतात. दोघांच्याही अंगावर बारीक चरे असतात. सुरुवातीला नुसते घासतात आणि तापतात. चार-पाचशे किलोमीटर झाले की एकमेकांच्या अंगाला बसतात. या काळाला आम्ही रनिंग म्हणतो.

त्यात जुन्या गाड्या हवेवर थंड होणाऱ्या. पाणी नाही, पंखा नाही. सिलिंडरला बाहेरून पातळ पात्या असतात, त्यांच्यामधून वारा गेला तरच उष्णता निघून जायची. वारा लागायला गाडी चालली पाहिजे, आणि चालली की ती तापणार. म्हणून थोडं चालायचं, थोडं थांबायचं. नव्या इंजिनाला जोर लावला तर पिस्टन तापून फुगतो आणि नळकांड्याला आतून मिठी मारतो. मग चालत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

पिंपळनेरचा एक गिऱ्हाईक सकाळी अकराला माझ्याकडून गाडी घेऊन गेला आणि बारा वाजता साक्रीहून त्याचा फोन. "मिस्त्री, तुम्ही ब्रेक फारच कडक केला. गाडी आपोआप थांबली." मी विचारलं, किती वेगात होतात? म्हणाला, "सावकाशच. शंभरच्या खाली."

याच्या उलट नरडाण्याचे एक हेडमास्तर. त्यांनी माझं इतकं ऐकलं की दोन महिने गाडी टॉप गिअरमध्ये वीसच्या वेगानं चालवली. इंजिन कण्हायचं, पण सरांनी नियम मोडला नाही. रिंगा बसल्याच नाहीत. जोर लागल्याशिवाय त्या बसत नाहीत, नळकांडं नुसतं गुळगुळीत होऊन जातं. गाडी पुन्हा उघडावी लागली. मी म्हणालो, "सर, मी सावकाश म्हणालो होतो, म्हशीच्या मागून म्हणालो नव्हतो." सर गंभीरपणे म्हणाले, "मग तसं स्पष्ट सांगायचं होतं."

त्यांचं खरं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना पाठ करून सांगतो: चाळीस ते पन्नास, मूठ एका जागी धरून ठेवायची नाही, चढ आला की गिअर उतरवायचा, आणि पंचवीस-तीस किलोमीटर झाले की दहा मिनिटं थांबायचं. हे सगळं ज्यानं अक्षरशः पाळलं असा माझ्या आयुष्यात एकच गिऱ्हाईक झाला. आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला मी सगळ्यात शेवटी तयार झालो असतो.

मोतीलालशेठ. धुळ्यात कापडाचं मोठं दुकान, आता मुलगा पारस बघतो. शेठचं वय सत्तरीच्या पुढं. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो आणि तीस वर्षांत त्यांना कधी खुर्चीवर टेकून बसलेलं पाहिलेलं नाही. गाडी दुरुस्तीला टाकली की ते तिथंच उभे राहायचे. नुसते उभे नाही, मी नट फिरवला की तेही मनगट फिरवायचे. "मिस्त्री, झालं?" म्हणायचे. मी म्हणायचो, "शेठ, अजून गाडी स्टँडवर पण नाही लावली."

त्यांची गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची जुनी काळी फटफटी. कंपनीचं नाव लिहीत नाही, आवाजावरून शेंबडी पोरंसुद्धा ओळखतात. तरुणपणी घेतलेली, गेली पंधरा-सोळा वर्षं दुकानामागच्या गोदामात गाठोड्यांच्या आड पडून होती. मागच्या दिवाळीनंतर शेठ एक दिवस टेम्पोत घालून ती घेऊन आले.

"चालू कर," म्हणाले.

"कशाला आता? पारसभाऊंनी चारचाकी घेतलीय ना?"

"तुला धंदा करायचाय की चौकशी?"

मी दीड महिना घेतला. नळकांडं कातून आणलं, पिस्टन मिळवायला नाशिकला दोन चकरा झाल्या. थंडी ऐन भरात असताना गाडी उभी राहिली आणि पहिल्या लाथेला सुरू झाली. माझा रिवाज असा की पहिले साठ-सत्तर किलोमीटर मी स्वतः चालवतो, गावाभोवती. मग गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तशी ती शेठच्या हातात दिली आणि माझं पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

शेठनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावातल्या गावात पाचशे किलोमीटर कधी होणार? मी रावेरला जाऊन येतो. जाऊन-येऊन सव्वातीनशे होतील."

"रावेरला काय आहे?"

"केळी."

दुसऱ्या दिवशी पारस माझ्याकडे आला. "काका, पप्पा ऐकत नाहीत. तुम्ही तुमच्या गाडीवर त्यांच्या मागं जा. त्यांनी मूठ पिळली तर इंजिन जाईल, आणि इंजिनासोबत तेही जातील." मलाही तीच काळजी होती. इंजिनाची जरा जास्त, हे आता कबूल करतो.

सकाळी सातला निघालो. शेठच्या अंगात मोतिया रंगाचं जाड जाकीट, डोक्याला मफलर, त्यावर हेल्मेट. मी मागं माझ्या शंभर सीसीवर. हायवेला लागलो आणि मी त्यांच्या मुठीकडं बघत राहिलो. काटा चाळीस-पंचेचाळीसच्या पुढं गेला नाही. ट्रक हॉर्न वाजवत जात होते, एक ट्रॅक्टरही आम्हाला मागं टाकून गेला आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळून दयेनं पाहिलं. शेठ ढळले नाहीत.

मुकटीच्या पुढं पहिला थांबा घेतला. दहा मिनिटं.

"किती झाली?" शेठ.

"तीन."

"घड्याळ बघ नीट."

सात मिनिटांवर ते पुन्हा गाडीवर बसले. हे मला ओळखीचे शेठ होते.

दुसरा थांबा पारोळ्याच्या पुढं, एका चहाच्या टपरीजवळ. टपरीवाल्या अक्कांनी आमच्याकडं आणि गाडीकडं पाहिलं. "गाडी बिघडनी का भाऊ?"

"नही अक्का. नवं इंजिन शे, आराम करी राह्यनं."

"आनि बाबा?"

"बाबा जुना शेतस."

अक्का हसल्या. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःहून बाक ओढला आणि बसले. टेकून बसले. मी घड्याळ बघितलं, दहाची बारा झाली, पंधरा झाली. शेठ चहा फुंकत होते. मला वाटलं, वाह, माणूस सुधारला. चाळीस वर्षांच्या उपदेशाला पहिलं फळ आलं.

एरंडोलला वीस मिनिटं थांबलो. जळगावच्या अलीकडं पंचवीस. जळगावात शेठ म्हणाले, जरा मोठा थांबा घेऊ, इंजिनाला बरं. तासभर गेला. मला कौतुक वाटत होतं. गिऱ्हाइकानं इंजिनाची इतकी कदर केलेली मी पाहिली नव्हती.

भुसावळ ओलांडल्यावर माझं कौतुक जरा कमी झालं. सावद्याच्या जरा अलीकडं आम्ही एका लिंबाच्या सावलीला थांबलो. थंडीचे दिवस, सावलीत अंगावर काटा येत होता. पंधरा मिनिटांनी मी विचारलं, "निघायचं?"

शेठनं हातमोजा काढला, सिलिंडरच्या पात्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून गरम आहे."

मी बरं म्हणालो. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा हात ठेवला. "गरम आहे."

आता हवेवर थंड होणारं इंजिन थंडीच्या दिवसांत किती वेळ गरम राहतं हे मला माहीत होतं. ते दुसरीकडं बघत असताना मी हळूच हात लावला. पात्या माठासारख्या गार होत्या.

माझ्या स्वभावात एक वाईट खोड आहे. कुणाचं काही सापडलं की मी चेष्टा केल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, "काय शेठ, सासुरवाडीला निघाल्यासारखं रेंगाळताय. तिथं काय कुणी वाट बघून मारायला बसलंय का?"

शेठचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी हातमोजा घातला, लाथ मारली आणि गाडी रस्त्याला घेतली. तो एक विनोद मी मागं घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

सावद्याच्या पुढं दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या. रस्त्याच्या कडेला घड भरलेले ट्रक उभे होते. थांबून जेमतेम सात किलोमीटर झाले असतील, तेवढ्यात शेठनं डावा हात वर केला आणि गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

"आवाज बदलला."

मी वाकून कान लावला. इंजिन मंद चालू होतं. ढब, ढब, ढब, मधे नेमका तेवढाच श्वास. माझ्या हातचं इतकं नितळ इंजिन मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि शेठकडं पाहिलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तू सांग ना, की गाडीला त्रास होईल. परत फिरू. तू सांगितलंस तर पारसही काही विचारणार नाही."

आता एक स्पष्ट सांगतो. "संध्याकाळपर्यंत देतो" हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा खोटं बोललो आहे. "सामान यायचंय" हेही पुष्कळदा. पण चांगल्या इंजिनाला वाईट मी कधी म्हटलेलं नाही. म्हणावंसं त्या क्षणी वाटलं, कारण समोरचा माणूस फारच केविलवाणा दिसत होता.

"शेठ, इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "तुम्हाला काय झालंय ते सांगा."

मग रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसून त्यांनी सांगितलं.

तरुणपणी ते याच गाडीवर कापडाचे गठ्ठे बांधून रावेरच्या बाजाराला यायचे. एकदा गावाच्या अलीकडं पंक्चर झालं आणि बागेतून एक शेतकरी मदतीला आला. भागवत त्याचं नाव. त्यानं चाक काढलं आणि त्याच्या बायकोनं, सिंधूवहिनींनी, जेवायला घातलं. शेठ जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत, हे कळल्यावर त्या दर आठवड्याला उन्हं असताना ताट तयार ठेवायच्या. कांदा-लसूण नसलेलं वेगळं पातेलं त्यांच्यासाठी मांडणीवर ठेवलेलं असायचं. असं अकरा वर्षं चाललं. मग शेठचं दुकान वाढलं, बाजार करणं बंद झालं, येणं वर्षाकाठी एकदावर आलं. पण भागवत हा माणूस शेठच्या आयुष्यात भावासारखा.

"दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या," शेठ म्हणाले. "फोन आला होता. मी आलो नाही."

"आजारी होतात?"

"नाही."

"गावाला होतात?"

"लग्नसराई होती, मिस्त्री. साड्या दाखवत होतो." ते जमिनीकडं बघत होते. "म्हटलं, उद्या जाऊ. मग म्हटलं, तेराव्याला जाऊ. तेराव्याला दुकानात एवढी गर्दी होती की जेवायला सवड नव्हती. मग महिना झाला. महिन्यानं गेलो तर काय सांगू, कुठं होतो? म्हणून नाही गेलो. मग सहा महिने झाले. जेवढा उशीर होत गेला तेवढं आणखी अवघड होत गेलं. फोनसुद्धा नाही केला. त्यानंही केला नाही."

मी फटफटीकडं पाहिलं. म्हणालो, "आणि गाडी?"

"चारचाकीतून उतरून त्याच्या दारात उभं राहवलं नसतं. वाटलं, हिच्यावर आलो तर तो निदान हाकलणार नाही."

दीड महिना मी ज्या इंजिनावर राबलो ते कशासाठी होतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "शेठ, इथून किती राहिलं?"

"दोन किलोमीटर."

"मग मी पुढं होतो. तुम्ही माझ्या मागं या. तुम्हाला थांबावंसं वाटलं तरी मी थांबणार नाही, म्हणजे तुम्हाला यावंच लागेल."

असे आम्ही पोचलो. भागवतभाऊंचं घर बागेला लागून. फाटकात एक उंच, सुकलेला माणूस आधीच येऊन उभा होता. धोतर, बंडी, हातात केळीची पानं छाटायचा विळा. फटफटीचा आवाज त्यानं रस्त्यावरूनच ओळखला असणार.

शेठ उतरले आणि गाडीला धरून उभे राहिले. डोक्यावर हेल्मेट तसंच. भागवतभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही कोन?"

"मिस्त्री. धुळ्याहून आलो."

"कधी निघाले व्हते?"

"सकाळी सातला."

त्यांनी मान वर करून उन्हाचा अंदाज घेतला. "आता साडेतीन वाजले. एवढ्याशा रस्त्याले साडेआठ तास?"

"नवं इंजिन आहे भाऊ. सावकाश चालवावं लागतं."

"हां," ते म्हणाले. "त्याले दोन वर्सं लागली. सावकाशच म्हनायचं."

मला कुठं बघावं कळेना. शेठ हेल्मेटच्या आतून काहीतरी बोलत होते. काच खाली, मफलर तोंडावर. नुसतं गुं-गुं ऐकू येत होतं. बराच वेळ बोलले. रस्ताभर घोकून ठेवलेलं असावं. भागवतभाऊंनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाले, "मोती, ते टोपडं काढ भो. काय बोलला ते बठ्ठं आतच राह्यलं."

शेठनं हेल्मेट काढलं. आतला चेहरा पूर्ण भिजलेला होता. आता काच नव्हती, मफलर नव्हता, तर बोलता येईना. "भागवत, मी..." एवढंच झालं.

भागवतभाऊंनी विळा फाटकाला अडकवला. शेठचा दंड धरून ते त्यांना ओसरीवर घेऊन गेले आणि बाजेवर बसवलं. स्वतः समोर जमिनीवर बसले. मी दाराशी उभाच होतो, तर मलाही हातानं खूण केली.

"माह्यावर रागावला असशील," शेठ म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडात तिथली बोली आपोआप आली होती.

"पह्यले रागावलो. सहा महिने रागावलो. एवढा रागावलो की तुह्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर शिव्या द्यायचं ठरवलं व्हतं. यष्टीच्या स्टँडवर पन गेलो एक दिवस. बस लागली नाही." ते थांबले. "मग राग गेला. वाट पाहू लागलो."

"कशाची?"

"तुही वाट. ऐक, मोती. ती गेली तवा बठ्ठे आले. अंगनात उभं राहाले जागा नव्हती. रडले, जेवले, बरं बोलून गेले. तेरावं झालं अन् मानसं सरली. त्याच्यानंतर तिचं नाव कोनी काढलं नाही. पोरगा काढत नाही, मले वाईट वाटंल म्हून. सून काढत नाही. गल्लीतले बाया मी दिसलो की दुसरं बोलतात. दोन वर्सं झाली, या घरात तिचं नाव घ्याले मानूस राह्यला नाही. मी म्हनलं, एक मोती बाकी हाये. तो येईल तवा बोलू." त्यांनी शेठच्या गुडघ्यावर थापटी मारली. "बोल आता."

मग भागवतभाऊंनीच सुरुवात केली. "बट्टीचं भांडण माह्या मिस्त्रीले सांग," म्हणाले. मी त्यांचा मिस्त्री कधी झालो कळलं नाही, पण झालो.

ते भांडण असं. सिंधूवहिनी वरण-बट्टी करायच्या आपल्या खान्देशी पद्धतीनं, आधी वाफवून मग तुपात तळून. शेठच्या घरी राजस्थानी पद्धत, निखाऱ्यावर भाजलेली. शेठ दर वेळी दोन ताटं फस्त करायचे आणि शेवटी म्हणायचे, "वहिनी, छान आहे, पण ही बाटी नाही." वहिनी म्हणायच्या, "मग खाल्ली काहाले?" अकरा वर्षांत या दोन वाक्यांत बदल नाही.

"शेवटी शेवटी तिले जेवन जात नव्हतं," भागवतभाऊ म्हणाले. "तरी सुनेले सांगत व्हती, मोतीशेठ आला तर बट्टी तुपातच तळजो. त्याचं ऐकू नको. नावं ठेवीन अन् खाईन."

शेठ हसायला लागले. रडत होते आणि हसत होते, नाक मफलरला पुसत होते. मग दोघं असे सुटले की विचारू नका. वहिनींनी बाजारात एका फेरीवाल्याला कसं पळवून लावलं, फटफटीच्या आवाजाला घाबरून त्यांची गाय कशी दोन दिवस आटली, शेठनं आणलेल्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात कसा गेला आणि वहिनींनी ती मुद्दाम शेठ यायच्या दिवशीच नेसायचा नेम कसा धरला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत उभी राहिली. मग तीही एक आठवण सांगून गेली, भीतभीतच. सासऱ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू घरात आजच आलीय.

ऊन उतरायच्या आत तिनं ताटं वाढली. मीही जेवलो. बट्टीबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही, मी दोन वेळा मागून घेतली एवढंच सांगतो.

जेवण झाल्यावर मी निघायचं म्हणालो. जळगावला माझी बहीण असते, मुक्कामाला तिथवर पोचलो असतो. शेठ म्हणाले, "तू जा, मिस्त्री. मी राहतो दोन-तीन दिवस." मला धास्ती वाटली. शेठसाठी नाही, इंजिनासाठी. अजून अडीच-पावणेतीनशे किलोमीटर रनिंग बाकी होतं आणि मी नसणार होतो.

मी दोघांना फटफटीजवळ उभं केलं आणि बजावलं. "चाळीस-पन्नास. मधेमधे थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबलसीट अजिबात नाही. वजन एकाचंच."

दोघांनी शाळकरी मुलांसारखी मान हलवली. भागवतभाऊ तर म्हणाले, "मले काहाले बसायचं हाये त्या फटफटीवर? मी म्हातारा मानूस." इतक्या सहज म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

धुळ्यात आल्यावर पारसला फोन केला आणि सांगितलं, गाडी उत्तम आहे, पप्पा केळी बघतायत. चार दिवस झाले, सहा झाले. आठव्या दिवशी दुपारी गॅरेजच्या बाहेर ढब-ढब आवाज आला आणि शेठ उतरले. पहिलं ऑइल बदलायचं होतं.

मी आधी मीटर पाहिलं. रावेरच्या चार खेपा व्हाव्यात एवढे किलोमीटर झाले होते.

"शेठ, एवढं कुठं फिरलात?"

"तिथंच. इकडं तिकडं."

ऑइल काढून मी बोटांवर घेऊन उन्हात धरलं. पहिल्या ऑइलमध्ये थोडी चमक येते, घासलेल्या लोखंडाची. तेवढीच होती, जास्त नाही. लाथ मारून पाहिली, दाब भरपूर. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, तेलाचा एक थेंब नाही. रिंगा अशा बसल्या होत्या की मला स्वतःचाच हेवा वाटला. आणि मी जरा बुचकळ्यात पडलो. एकट्या माणसाच्या वजनावर, सपाट रस्त्यावर, इतक्या लवकर अशा बसत नाहीत. जोर लागलेला असणार.

"डबलसीट चालवली?" मी विचारलं.

"छे!" शेठ म्हणाले. "तू नको म्हणालास ना?"

आणि गाडीवर बसायला वळले. मोतिया रंगाच्या जाकिटाला मागच्या बाजूनं, दोन्ही खांद्यांवर, एकेक काळपट डाग होता. डाग कसला, पंजाच उमटला होता. पाची बोटं मोजता येत होती. मागं बसलेल्या माणसानं खांदे घट्ट धरल्याशिवाय असे उमटत नाहीत. केळीच्या बागेत राबणाऱ्याच्या हाताला चीक असतोच, आणि तो कापडाला लागला की काळा पडतो, मग साबण म्हणू नका, सोडा म्हणू नका.

मला राहवलं नाही. "शेठ, जाकीट खराब झालं. केळीचा चीक आहे हा. निघणार नाही."

शेठनं मान वळवून आधी उजव्या खांद्याकडं पाहिलं, मग डाव्या. हेल्मेट घालून नीट पट्टा लावला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पन्नास वर्षं कापडात गेली माझी. मला माहीत आहे."